लॅपटॉपचं वायफाय कार्ड घरी बदलताना: आधी उघडा, मग मागवा

वायफाय कार्ड बदलणं हे हाताला पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. एक स्क्रू, दोन वायरी, संपलं. माणसं फसतात ती त्याच्या आधी. कुठंतरी ‘हे कार्ड लई भारी’ असं वाचून ऑनलाइन मागवतात, आणि पार्सल फोडल्यावर कळतं की स्लॉटच वेगळा आहे, नाहीतर वायरीचं टोक बसत नाही, नाहीतर सगळं बसवून झाल्यावर लॅपटॉप काळ्या पडद्यावर एक ओळ दाखवून हटून बसतो. म्हणून इथं क्रम उलटा धरलाय. आधी दोष कार्डाचाच आहे का ते बघायचं, मग लॅपटॉप उघडून आतले फोटो काढायचे, झाकण लावून टाकायचं आणि त्यानंतर खरेदी. यात लॅपटॉप दोनदा उघडावा लागतो. लागू दे. दुसऱ्या वेळी हात सरावलेला असतो.

दोष खरंच कार्डाचा आहे का

पहिली तपासणी फुकटातली. लॅपटॉप नेहमी जिथं ठेवता तिथंच, शेजारी मोबाईल ठेवून, त्याच वायफायवर दोन्हींची स्पीड टेस्ट घ्या. मोबाईलही रडत असेल तर कार्ड बदलून काही व्हायचं नाही. दुखणं राउटरचं, रेंजचं किंवा लाइनचं आहे. कोल्हापुरात मंगळवार पेठ, शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांत हे हमखास दिसतं. राउटर बाहेरच्या सोप्यात, मध्ये जाडजूड भिंत आणि पोरगं आतल्या खोलीत अभ्यासाला. घरचं वायफाय बहुधा २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर (बँडवर) येतं. अशा भिंतीत ५ चा सिग्नल २.४ पेक्षा जास्त अडतो. त्यामुळं कितीही नवं कार्ड घातलं तरी आत गेल्यावर ते २.४ वरच येऊन बसतं. तिथं राउटर आत सरकवणं किंवा लॅन केबल ओढणं हाच इलाज.

मोबाईलला १०० एमबीपीएसचा प्लॅन पुरेपूर मिळतोय आणि लॅपटॉप ३०-३५ च्या वर सरकत नाही, असं असेल तर मात्र संशय लॅपटॉपवर. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क, त्यात वायफाय, त्यात जोडलेल्या नेटवर्कची प्रॉपर्टीज उघडा. लिंक स्पीड, प्रोटोकॉल आणि बँड अशा ओळी दिसतील. तिथं ७२, वायफाय ४ (हा पिढीचा आकडा, मोठा तितकं नवं) आणि २.४ गिगाहर्ट्झ असं असेल, तर लॅपटॉप एकाच अँटेनावर, अरुंद चॅनेलवर चाललाय. प्रत्यक्षात मिळणारा वेग लिंक स्पीडच्या निम्म्याच्या आसपास असतो, म्हणजे ३५ चं कोडं इथंच सुटलं. ४३३ दिसलं तर वायफाय ५ चं एका अँटेनाचं कार्ड, ८६६ म्हणजे तेच दोन अँटेनांचं. वायफाय ६ चं दोन अँटेनांचं कार्ड ८० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर १२०१ दाखवतं, १६० च्या चॅनेलवर २४०२. घरात १०० चा प्लॅन असेल आणि लिंक ४३३ असेल तर कार्ड बदलून खिशाला चाट सोडून काही मिळणार नाही, हे आधीच सांगतो.

कार्डाला ५ गिगाहर्ट्झ कळतं की नाही, हे सोप्या पद्धतीनं बघता येतं. राउटर दोन बँडचा आहे, मोबाईलला ५ गिगाहर्ट्झचं नाव दिसतंय आणि लॅपटॉपच्या यादीत ते येतच नाही, तर कार्ड फक्त २.४ चं. खात्री हवी असेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडून नेटश, डब्ल्यूलॅन, शो, ड्रायव्हर्स हे चार शब्द इंग्रजीत, मध्ये जागा सोडून टाइप करा. ‘रेडिओ टाइप्स सपोर्टेड’ या ओळीत ८०२.११ पुढं बी, जी, एन एवढीच अक्षरं असतील तर निकाल लागला. २०१४ ते २०१८ च्या दरम्यान आपल्याकडं विकल्या गेलेल्या स्वस्तातल्या लॅपटॉपांत रिअलटेक आरटीएल ८७२३ किंवा क्वालकॉम क्यूसीए ९५६५ अशी कार्डं भरपूर आली. दोन्ही एकाच अँटेनाची, दोन्ही फक्त २.४ ची. हा लेख खरा त्या लॅपटॉपवाल्यांसाठी.

दुसरी तक्रार असते ती वायफाय मधेच गायब होण्याची. लॅपटॉप झोपवून उठवला की वायफायचं चिन्हच नाही. इथं आधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमधली पॉवर मॅनेजमेंटची टिकमार्क काढून बघा. तेवढ्यानं भागलं नाही तर कार्ड काढून परत बसवा. पावसाळ्यात आपल्याकडं चार महिने हवेत ओल असते, कार्डाच्या सोनेरी दातांवर पापुद्रा चढतो. पांढऱ्या खोडरबरानं हलक्या हातानं दात पुसायचे, रबराची भुकटी झटकायची, कार्ड परत लावायचं. यात कितीतरी ‘मेलेली’ कार्डं उठून बसतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पूरपट्ट्यातल्या ज्या लॅपटॉपांनी ओल खाल्ली, त्यांच्या स्लॉटच्या पिनांवर हिरवट डाग दिसला तर मात्र नवीन कार्डावर पैसे घालू नका. तो बोर्ड आधी जाणकाराला दाखवा.

उघडायची तयारी

आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उतरवून घ्या. डेल, एचपी, लेनोवो तिघेही ते आपापल्या साइटवर फुकट ठेवतात. त्यात स्क्रू कुठं, किती, बॅटरीचं कनेक्टर कुठं, सगळं चित्रांसह असतं. महत्त्वाचं म्हणजे त्या मॉडेलला कंपनीनं कुठकुठली वायफाय कार्डं दिली त्याची यादीही असते. ती यादी पुढं कामाला येणार आहे.

हत्यारं फार लागत नाहीत. बारीक स्टार स्क्रू ड्रायव्हर (शून्य आणि डबल शून्य नंबरचा), झाकण सुटं करायला जुनं एटीएम कार्ड किंवा गिटारची पट्टी, आणि बारीक टोकाचा चिमटा. चिमट्यात कंजुषी नको. मोबाईलच्या किटमधला पत्र्याचा चिमटा वाकतो आणि घसरतो. सोनारकामाचा चिमटा मिळाला तर उत्तम, आणि कोल्हापुरात तो मिळायला अवघड जाऊ नये. काही लॅपटॉपांना खाली सहा पाकळ्यांचे टॉर्क्स स्क्रू असतात, ते मॅन्युअलमध्ये बघून ठेवा.

विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरच्या डेटाला कुलूप लावायची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की आधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहा. कार्ड बदलल्यानं ती सहसा मागितली जात नाही, पण बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये) काही हलवलं तर मागितली जाऊ शकते, आणि तेव्हा हातात नसेल तर सगळा डेटा कुलपात.

लॅपटॉप बंद करताना शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा, म्हणजे तो पूर्ण बंद होतो. चार्जर काढा. बॅटरी बाहेरची असेल तर काढून ठेवा. सुती कपड्यात, लाकडी किंवा फरशीच्या टेबलावर बसा. घोंगडीवर, सतरंजीवर, गालिच्यावर अजिबात नको. पावसाळ्यात स्थिर विजेची भीती कमी, पण जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना, तीच वीज कार्डाला मारते. काम सुरू करण्याआधी आणि मधूनमधून नळाला किंवा मोठ्या लोखंडी वस्तूला हात लावत राहा.

झाकण काढून आत काय बघायचं

खालचे सगळे स्क्रू काढा. कमी-जास्त लांबीचे असतात, म्हणून कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढून ज्याचा त्याचा स्क्रू त्या जागी चिकटपट्टीनं लावा. झाकण हलत नसेल तर जोर लावू नका. रबरी पायांखाली किंवा डीव्हीडी ड्राइव्हच्या खोबणीत एखादा लपलेला असतो. मग बिजागरीच्या बाजूनं पट्टी सरकवत क्लिपा सोडवत जा. टकटक आवाज येतो, तो यायलाच पाहिजे. झाकण निघाल्यावर पहिलं काम आतल्या बॅटरीचं कनेक्टर सोडवणं, आणि मग पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरणं. बॅटरी जोडलेली असताना कार्डाला हात लावायचा नाही.

आता मोबाईल काढा आणि कार्डाचे जवळून फोटो घ्या. चार गोष्टी फोटोत याव्यात.

कार्डाचा आकार. २०१३-१४ च्या आधीच्या लॅपटॉपांत बहुतेक मिनी पीसीआय एक्सप्रेसचं कार्ड असतं: ३० मिलिमीटर रुंद, जवळपास चौकोनी, दोन स्क्रूंनी धरलेलं. त्यानंतरच्यांत एम.२ चं, २२ बाय ३० मिलिमीटरचं, एका स्क्रूचं. याच्या दातांना ए आणि ई अशा दोन खाचा असतात. एसएसडीचा स्लॉटही एम.२ च असतो, पण त्याची खाच वेगळी असते. तिथं हे बसत नाही. आणि कार्ड स्क्रूनं न धरता बोर्डालाच डाग देऊन बसवलेलं दिसलं, तर गोष्ट तिथंच संपली. झाकण लावा आणि यूएसबीच्या वायफाय डोंगलकडं वळा. ते डोंगल यूएसबी ३ च्या हार्डडिस्कच्या शेजारच्या पोर्टात मात्र घालू नका; यूएसबी ३ च्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झला गोंगाट होतो, हे इंटेलनंच २०१२ मध्ये मांडलंय.

वायरींची संख्या. हा मुद्दा सगळ्यात जास्त हुकतो. आमच्या गल्लीतल्या इंजिनिअरिंगच्या एका पोराचा लॅपटॉप उघडला तेव्हा कार्डावर जोडायच्या जागा दोन आणि वायर एकच. “काका, दुसरी तुटली काय?” तुटली नव्हती, बसवलेलीच नव्हती. कंपनीनं एका अँटेनाचं कार्ड घातलं की दुसरी अँटेना स्क्रीनच्या चौकटीत लावायचा खर्चही वाचवलेला असतो. अशा लॅपटॉपात दोन अँटेनांचं कार्ड घातलं तर ते एका वायरीवर चालतं, ५ गिगाहर्ट्झही मिळतं, पण वेग निम्मा, आणि ब्लूटूथ दुसऱ्या जागेवर अवलंबून असेल तर त्याची रेंज हातभर. वेगळी चिकटवायची पातळ अँटेना मिळते. ती तळहाताखालच्या प्लॅस्टिकच्या भागात आतून चिकटवता येते, धातूच्या पत्र्याखाली मात्र ती निरुपयोगी. त्या पोराला आम्ही तशीच बसवून दिली. लॅपटॉप प्लॅस्टिकचा होता म्हणून जमलं.

वायरीच्या टोकाचा आकार. मिनी पीसीआय एक्सप्रेस कार्डांवर मोठं यू.एफएल पद्धतीचं टोक असतं, एम.२ वर त्याहून लहान एमएचएफ४. एक दुसऱ्यावर बसत नाही. काही एम.२ कार्डं जुन्या स्लॉटात बसावीत म्हणून छोट्या अडॅप्टर पट्टीवर लावून विकतात. तिथं टोक कुठलं आहे हे फोटोत नीट बघूनच घ्या.

चौथी गोष्ट, कार्डावरच्या लेबलाचं मॉडेल. फोटो मोठा करून वाचता येतोय ना, हे झाकण लावायच्या आधी तपासा.

कुठलं कार्ड घ्यायचं

सध्या घरच्या वापराला दोन कार्डं डोळे झाकून सुचवता येतात: इंटेलचं एएक्स २०० आणि एएक्स २१०. दोन्ही वायफाय ६ ची, दोन अँटेनांची, दोन्ही साध्या पीसीआय एक्सप्रेसवर, म्हणजे बोर्डावरच्या सर्वसाधारण जोडणीवर, चालतात. म्हणून लॅपटॉपचा प्रोसेसर इंटेलचा असो की एएमडीचा, फरक पडत नाही. २१० ला ६ गिगाहर्ट्झचा पट्टाही कळतो. आपल्याकडं ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा ऑक्टोबर २०१८ मध्ये विनापरवाना खुला झाला. ६ गिगाहर्ट्झच्या खालच्या भागासाठी, ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ, दूरसंचार विभागानं मसुदा नियम काढले ते मे २०२५ मध्ये. घरातला राउटर ६ गिगाहर्ट्झचा नसेल तर २०० आणि २१० मध्ये आज काही फरक जाणवणार नाही. मिळेल ते घ्या.

आता सापळा. एएक्स २०१ आणि एएक्स २११ ही दिसायला जुळी भावंडं, दाम थोडं कमी, आणि खोबणीत बसतातही. पण त्यांचा अर्धा मेंदू इंटेलच्या ठराविक प्रोसेसरांत असतो. या पद्धतीला सीएनव्हीआय म्हणतात. एएमडीच्या किंवा जुन्या इंटेलच्या लॅपटॉपात ती बसतील आणि ढिम्म हलणार नाहीत. एएक्स मालिकेत शेवटचा आकडा शून्य असेल तर सगळीकडं चालणारं, एक असेल तर नाही, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. उलट प्रकारही होतो: लॅपटॉपात मुळात २०१ असेल तर तिथं २१० बहुधा चालतं, पण काही कंपन्यांनी त्या स्लॉटला पीसीआयच्या रेघा जोडलेल्याच नसतात. मॅन्युअलमधल्या यादीत शून्यवालं कार्ड दिसतंय का ते बघा.

वायफाय ७ चं बीई २०० घेऊ का, असं हल्ली विचारतात. एएमडीच्या लॅपटॉपांत ते बहुतेक वेळा चालतच नाही, आणि वायफाय ७ चे फायदे मिळायला विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आणि तसा राउटर, दोन्ही लागतात. माझं मत, थांबा.

विंडोज १० ची ३२ बिटची आवृत्ती असेल तर एएक्स कार्डांना ड्रायव्हर नाही. ६४ बिट लागतंच. लिनक्सवाल्यांना २०० साठी कर्नल ५.१ आणि २१० साठी ५.१० किंवा पुढचा.

आणि ती काळ्या पडद्यावरची ओळ. लेनोवोच्या जुन्या थिंकपॅडांत आणि एचपीच्या जुन्या लॅपटॉपांत बायोसमध्ये मंजूर कार्डांची यादी असायची. यादीबाहेरचं कार्ड दिसलं की थिंकपॅड १८०२ क्रमांकाची चूक दाखवतो, एचपी १०४ ची, आणि पुढं जात नाही. नव्या मॉडेलांत ही कटकट सहसा राहिलेली नाही, पण तुमचा लॅपटॉप दहा-बारा वर्षांचा असेल तर मॅन्युअलच्या यादीतलं, त्याच कंपनीच्या पार्ट नंबरचं कार्डच शोधा. बायोस फोडून यादी काढायचे उपाय सापडतील. एका कार्डासाठी अख्खा लॅपटॉप पणाला लावण्याइतका तो सौदा चांगला नाही.

खरेदी ऑनलाइन केलीत तर परत घेण्याची मुदत बघा आणि नुसतं कार्ड मागवताय ना हे वाचा; डेस्कटॉपसाठीचं मोठ्या पट्टीवर बसवलेलं किटही त्याच नावानं येतं. राजारामपुरीतल्या दुकानातून घेणार असाल तर फोनवर “वायफाय कार्ड आहे का” न विचारता काढलेला फोटो पाठवा.

बसवताना

नवीन ड्रायव्हर आधी उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. इंटेलचे वायफायचे आणि ब्लूटूथचे ड्रायव्हर वेगवेगळे असतात, दोन्ही घ्या. कार्ड बदलल्यावर नेटच नसेल तर ड्रायव्हर आणायचा कुठनं? राहिलंच तर मोबाईल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, तेवढ्यापुरतं भागतं.

लॅपटॉप परत उघडा, बॅटरी सोडवा. आधी वायरी काढायच्या, मग स्क्रू. वायरीच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढी गोल धातूची टोपी असते. चिमट्याचं किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीचं टोक टोपीच्या कडेखाली घालून सरळ वर उचला. वायरीला धरून ओढायचं नाही. वायर टोपीतून निसटली की ती परत जोडणं घरचं काम राहत नाही. स्क्रू काढताच कार्ड आपोआप तिरकं वर उचललं जातं, घाबरू नका. त्याच तिरक्या रेषेत बाहेर काढा.

नवं कार्ड कडांना धरून त्याच तिरक्या कोनात स्लॉटमध्ये सरकवा. खाच जुळली की दात जवळजवळ दिसेनासे होतात. मग खाली दाबून स्क्रू लावा, हातापुरता घट्ट, जास्त पिळायचा नाही.

आता वायरी. सगळ्या कामात सावकाश करायची गोष्ट ही एकच. कार्डावर १ आणि २, किंवा भरीव आणि पोकळ त्रिकोण छापलेले असतात. रंगावर विसंबू नका. पांढरी मेन (मुख्य अँटेनाची, १ ची) आणि काळी ऑक्स (दुसरीची, २ ची) असं बऱ्याच ठिकाणी असतं, पण सगळीकडं नाही. काढलेला फोटो बघून लावा. उलटसुलट झाल्या तरी काही जळत नाही. टोपी कार्डावरच्या गोल कड्यावर अलगद ठेवा आणि बोटानं इकडंतिकडं हलवून बघा. बरोबर मध्यावर आली की ती घसरायची थांबते. तेव्हाच बोटाच्या पेरानं सरळ खाली दाबा. बारीकसा ‘टिक’ जाणवतो, कानापेक्षा बोटाला जास्त. जाणवला नाही तर दाब वाढवू नका, उचलून परत ठेवा. तिरकी असताना दाबली की कड्याची धार वाकते आणि मग ते कार्ड कायमचं ढिलं. ही टोकं साधारण तीस वेळा काढघाल करण्यापुरतीच बनवलेली असतात, त्यामुळं खेळ म्हणून काढून बघत बसू नका.

बॅटरीचं कनेक्टर जोडा, झाकण नुसतं ठेवा, स्क्रू लावायची घाई नको. लॅपटॉप चालू होतोय आणि कार्ड ओळखलं जातंय हे आधी बघा.

चालू केल्यावर

ड्रायव्हर घाला, लॅपटॉप रीस्टार्ट करा, ५ गिगाहर्ट्झच्या नावाला जोडा आणि लिंक स्पीड परत बघा. राउटरच्या खोलीत वायफाय ६ चा राउटर असेल तर १२०१, वायफाय ५ चा दोन अँटेनांचा असेल तर ८६६ यायला हवं. बरोब्बर अर्धं दिसत असेल तर एक वायर नीट बसलेली नाही. राउटरपाशी सगळं ठीक आणि पलीकडच्या खोलीत गेलं की धडाधड पडतंय, तरी संशय वायरीवरच. कार्ड यादीत दिसतच नसेल तर ते खोबणीत पूर्ण सरकलेलं नाही. वायफाय आहे आणि ब्लूटूथ नाही, तर आधी ब्लूटूथचा ड्रायव्हर वेगळा घातलाय का बघा, मग लॅपटॉप पूर्ण बंद करून बॅटरीसकट वीज तोडून परत चालू करा.

जुन्या मिनी पीसीआय एक्सप्रेसवाल्या लॅपटॉपांत कधी कधी ‘वायरलेस बटण बंद आहे’ असं दाखवतं आणि बटण दाबून काही होत नाही. स्लॉटच्या २० नंबरच्या पिनेवर लॅपटॉप कार्डाला बंद राहायचा इशारा देतो, त्याचा हा प्रताप. त्या पिनेवर चिकटपट्टी लावायचा उपाय लोक करतात. भिंगाशिवाय आणि स्थिर हाताशिवाय करू नये.

नव्या कार्डाचा मॅक ॲड्रेस, म्हणजे कार्डाचा ओळख क्रमांक, नवा असतो. कॉलेजच्या होस्टेलवर, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या ऑफिसात वायफायला तो नोंदवून घेतलेला असेल तर घरी सगळं झकास आणि तिथं नेट नाही, असं होणार. नवा क्रमांक त्यांना कळवा. घरच्या राउटरवर मॅक फिल्टर लावला असेल तर तिथंही बदला.

सगळं जमलं की दोन दिवस झाकणाचे मोजकेच स्क्रू लावून वापरा, मग बाकीचे लावा. जुनं कार्ड नव्याच्या काळ्या-चंदेरी पिशवीत घालून, त्यावर लॅपटॉपचं मॉडेल लिहून ठेवा. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर दुसऱ्या कुठल्या कारणासाठी सर्व्हिस सेंटरला देताना ते मूळ पार्ट मागू शकतात, आणि उद्या वायफायनं दगा दिला तर दोष कार्डाचा की बोर्डाचा हे ते जुनं कार्ड लावूनच कळतं.